पाव फेरी

सानपाडा,
रविवार, १२ फेब्रुवारी १९९५

चि. शिवतेज यास,
तात्यांचा आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस तसंच ठेवलं असशील, तर तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. पण आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच. गोदीत आणि मग न्हावा शेव्याला मिळून बत्तीस वर्षं मी साहेबांना पत्रं लिहिली, आणि साहेब पहिल्या ओळीपलीकडे वाचत नसत, म्हणून कामाचं आधी लिहायची सवय लागली होती. आज ती सवय मोडतो आहे, कारण कामाचं लिहायला हात धजत नाही.

इकडे ठीक आहे. आईचे गुडघे थंडीत धरले होते, आता जिने चढते-उतरते. मी जूनपासून घरी. सकाळी दूध आणतो, पेपर वाचतो, मग आईच्या पायात पायात येतो, असं ती म्हणते.

पण बुधवारी तू विमलबाईंकडे फोन केलास आणि आई खाली उतरली नाही. 'घरात नाही म्हणून सांगा' असं तिने जिन्यातूनच सांगितलं, ते मी ऐकलं. शिवतेज, ती तुझ्यावर रागावली आहे. ज्या गोष्टीसाठी रागावली आहे ती तू केलेलीच नाहीस. हे मला माहीत आहे आणि तिला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

(हो, तुमचे बुधवारचे फोन मला आता कळले आहेत. तळमजल्यावर विमलबाईंच्या ओटीवर बसून तुम्ही दोघांनी मला तीन वर्षं गंडवलंत. मला वाटायचं ती पापड लाटायला जाते. एवढे पापड आपल्या घरात येत का नाहीत, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही.)

आता पहिल्यापासून सांगतो. जानेवारीत मी गच्चीवर डिश लावली. आठ फुटी, जाळीची, इथे सगळे तिला छत्रीच म्हणतात. बेलापूरला राहणाऱ्या एका कस्टमच्या साहेबांची बदली झाली आणि जाता जाता त्यांनी ती रिसिव्हरसकट माझ्या गळ्यात मारली, असं मी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं. आईलाही तेच सांगितलं. बातम्या बघायला बरी पडेल म्हटलं.

लावायला माणूस बोलावला नाही. मला वाटलं, एवढे कंटेनर जहाजावरून उतरवून घेतले, ही तर एक जाळी. पुस्तिका इंग्रजीत होती, ती दोनदा वाचली. आग्नेयेकडे तोंड, जमिनीपासून इतके अंश वर. माळ्यावरून तुझी शाळेतली कंपासपेटी काढली. कोनमापकाला दोरा बांधला, दोऱ्याला नट लटकवला, झाला ओळंबा. तुला हसू येईल, पण कोन बरोबर निघत होता.

अडचण दुसरीच होती. छत्री गच्चीवर आणि टीव्ही खाली घरात. मी बोटभर हलवायची आणि खाली काय झालं ते मला कळायला हवं. म्हणून आईला टीव्हीसमोर बसवलं. पहिल्या दिवशी ती खिडकीतून मला सगळं सांगत बसली. 'एक बाई आहे, गोरी आहे, तोंड हलतंय पण मुंग्याच फार, मागे समुद्र आहे का भिंत ते कळत नाही.' तोवर माझ्या हातातली छत्री वाऱ्याने सरकलेली असायची. मग मी वैतागून नियम केला. म्हटलं, 'हे बघ वेणू, पाल्हाळ नको. चित्रात रंग आले की 'आले' म्हणायचं, गेले की 'गेले' म्हणायचं. तिसरा शब्द नको.' तुझ्या आईने माझं इतकं तंतोतंत ऐकल्याचं मला उभ्या संसारात आठवत नाही.

शनिवारी, चार तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला रंग दिसायला लागले. आईला मनापासून आनंद झाला. मी आणखी एक धक्का दिला आणि सगळं पुसलं गेलं. ती खिडकीत येऊन ओरडली, 'गेले!' मी ऐकलं नाही म्हणून पुन्हा, मोठ्यांदा, 'गेले हो, गेले! आत्ता होते आणि गेले!'

खाली विमलबाई तांदूळ पाखडत होत्या. आता तूच सांग, आपल्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. साठीला आलेली बाई खिडकीत उभी राहून नाव न घेता 'गेले हो' म्हणून ओरडते, तर गेलं कोण? विमलबाईंनी सूप टाकलं आणि आधी तुझ्या दुकानात फोन लावला. आई त्यांच्याकडे नंबर ठेवून गेली होती, अडीअडचणीला म्हणून. 'शिवतेज, तुजा बापूस गेला रं. वेनूबाई वरशी वरडते हाय. हाय तसा निघून ये,' एवढं बोलून त्या रडत वर आल्या. दारात त्यांना आई रिमोट हातात घेऊन बसलेली दिसली.

दोघी धावत खाली गेल्या, पुन्हा फोन लावला. तुझा भागीदार म्हणाला, तो अंगावरच्या कपड्यानिशी निघाला, स्वारगेटला पोचलासुद्धा असेल.

मला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फोनचं गुपित फुटलं असतं. दुपारनंतर मला एवढंच जाणवलं की आई आता नुसतं 'गेले' म्हणत नाही, दर वेळी 'रंग गेले' असं पुरतं म्हणते, आणि विमलबाई तिच्याजवळ बसून आहेत. मी मनात म्हटलं, बायकांना टीव्हीचा नाद लागला.

पुढचं तुला ठाऊक आहे, कारण तू तिथे होतास. आईला ठाऊक नाही. आपल्या खिडक्या मागच्या बाजूला आहेत आणि फाटक पुढे.

चार वाजले असतील. मी कठड्याजवळ पाना शोधत होतो आणि सहज खाली बघितलं. तू पाण्याच्या टाकीपाशी उभा होतास. पायात दुकानातल्या स्लिपरा, खिशाला टेस्टर तसाच अडकवलेला. पुढचे केस विरळ झालेत तुझे. तू वर बघत होतास आणि तुझं तोंड उघडंच राहिलं होतं. मला तेव्हा कळलं नाही की हा मेलेला माणूस बघतो आहे. मला वाटलं, हा हसतोय.

कारण मला आपलं शेवटचं भांडण आठवलं. मी साहेबांच्या हातापाया पडून तुला न्हावा शेव्याला कायमची नोकरी लावून दिली होती, आणि तू सातव्या महिन्यात ती सोडून पुण्याला मित्राबरोबर छत्र्या लावायला निघालास. मी चार माणसांत म्हणालो होतो, 'लोकांच्या छपरावर चढून तारा ओढणार? गावाकडे सांगू काय मी?' आणि त्यावर तू गप्प राहिलास म्हणून आणखी चढलो. 'मी मेलो तरी तोंड दाखवू नकोस,' असं बोललो. शब्द माझेच आहेत, मी विसरलेलो नाही.

आणि आता मी स्वतः छपरावर उभा, हातात तार, बनियनला ग्रीस. कोणी चोरी करताना पकडावं तसं मला झालं. तुझा हात थोडा वर आला होता, तो मी पाहिला. मी पाठ फिरवली. एक नट होता, आधीच घट्ट असलेला, तो मी पुन्हा घट्ट करत बसलो. पाच मिनिटं तरी. वळून बघितलं तेव्हा टाकीपाशी कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने आपला नवा वॉचमन पोपट वर आला. तो तुला ओळखत नाही. म्हणाला, 'काका, खाली एक मानूस उभा होता. बोल्ला, वरच्यांना सांग, छत्री नका हलवू, ती बरोबर हाय. मधल्या डब्याला पाव फेरी मारा, उभ्याचा आडवा करा. नाव विचारला तर काय बोल्ला नाय, गेला.'

छत्रीच्या मधोमध दांड्यांवर बसवलेला, सिग्नल धरणारा तो डबा मी पाव फेरी फिरवला. खालून आई ओरडली की रंग आले, आणि ते पुन्हा गेले नाहीत. पंधरा दिवस मी आठ फुटी छत्री इकडून तिकडे नाचवत होतो आणि चूक वीतभर डब्यात होती. तुला खालून, नुसतं बघून कळलं.

खाली उतरलो तर चित्र आरशासारखं स्वच्छ. आई म्हणाली, 'जमलं की तुम्हाला.' मी 'हो' म्हणालो. शिवतेज, हे 'हो' मला आठ दिवस घशाखाली उतरलेलं नाही.

तिन्हीसांजेपर्यंत ती टीव्हीकडे एकदाही बघत नव्हती, दाराकडे बघत होती. जिन्यात पाऊल वाजलं की उठायची. देवापाशी दिवा लावला आणि तिथेच बसून रडायला लागली. सगळं सांगितलं, फोन, विमलबाई, सगळं. शेवटी म्हणाली, 'तुम्ही गेलात असं कळूनसुद्धा आला नाही हो तो, अर्ध्या वाटेतून फिरला. मी काय पोटात वाढवलं होतं?'

तेव्हा मला कळलं तू कशासाठी आला होतास. मी मेलो तरी येऊ नकोस म्हणालो होतो, आणि मी मेल्याचं ऐकून तू स्लिपरांवर धावत आलास. मी जिवंत असून पाठ फिरवली, तरी जाताना माझी छत्री लावून गेलास.

त्याच क्षणी 'आला होता' एवढे दोन शब्द मी बोलायला हवे होते. पण मग तिने विचारलं असतं, कुठे आहे, वर का नाही आला. मी 'निघाला असेल, गाडी मिळाली नसेल' असं काहीतरी पुटपुटलो. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी आणखी अवघड झालं. बुधवारी तुझा फोन आला आणि ती उतरली नाही, आणि मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. त्या पेपरात काय छापलं होतं विचारशील तर मला सांगता येणार नाही.

आणखी एक खोटं आहे, तेही मोकळं करतो. छत्री माझ्या गळ्यात कोणी मारली नाही. साहेबांची बदली कळली तेव्हा मी स्वतः बेलापूरला जाऊन ती मागून आणली. बातम्या दूरदर्शनवरही दिसतात. मला बघायचं होतं, कायमची नोकरी सोडून माझा मुलगा ज्याच्या मागे गेला ते काम आहे तरी काय. पंधरा दिवसांत कळलं की ते अवघड आहे आणि मला येत नाही. तुझा मला अभिमान वाटतो. हे मी तीन वर्षांपूर्वी बोललो नाही आणि शनिवारी गच्चीवरूनही बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

इथवर दुपारी लिहिलं. आता संध्याकाळ झाली आहे.

पत्र पाकिटात घालणार होतो. मग वाटलं, तुला पुण्याला सगळं कळणार आणि ती इथे शेजारी बसून अंधारात राहणार, हे बरोबर नाही. ती मेथी निवडत होती. तिच्यापुढे कागद ठेवले आणि म्हटलं, वाच. तिला वाचायला वेळ लागतो, तुला माहीत आहे, बोट ठेवून वाचते. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मला वाटलं होतं, नोकरीवरून बोलेल, मयतीच्या त्या शब्दावरून बोलेल, निदान आठ दिवस गप्प बसलो त्यावरून तरी. त्यातलं काही बोलली नाही. बाहेर आली आणि म्हणाली, 'चार तासांचा प्रवास करून पोरगं आपल्या दारात उभं होतं. बाप गेला म्हणून तोंडात घोट घातला नसेल त्याने. आणि तुम्ही त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीत?'

 अनोळखी माणूस जिन्यात दम खात थांबला तरी आपण पाणी विचारतो.

मग ती खाली जाऊन विमलबाईंकडून दुकानात फोन लावून आली. रविवार, दुकान बंद, कोणी उचलला नाही. उद्या सकाळी पुन्हा लावणार आहे, हे पत्र तुला मिळेल तोवर तुमचं बोलणं झालेलं असेल. तिच्या मनात आता तुझ्याबद्दल काही नाही. जे आहे ते माझ्याबद्दल आहे आणि ते असायला हवं.

येत्या शनिवारी ती पुण्याला तुझ्याकडे येते आहे. मीही स्वारगेटपर्यंत सोबत येईन. तिथून पुढे तुझ्या घरी यायचं की परतीची गाडी धरायची, हे तू ठरव. तू पाठ फिरवलीस तर मला राग येणार नाही. पण तू शनिवारच्या आत फोनवर आईला नुसतं 'तात्यांनाही आण' एवढं म्हणालास, तर मी येईन, आणि आल्यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

दारात आलेल्या पोराला पाणी न विचारणारा,
तुझा
तात्या