लॅपटॉपच्या पोटातला फोन

९ जून, सोमवार
झाला एकदाचा चालू! एम्युलेटर — म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर चालणारा नकली मोबाइल. उघडेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होतात. लॅपटॉप तव्यासारखा तापतो. आई डोळे बारीक करून, "फोन कुटं हाय?" लॅपटॉपच्या पोटात, म्हटलं. "आन् चार्जिंग?" याची बॅटरी उतरतच नाही. "मग मला असलाच घे की!"

१० जून
नवी पेठेतल्या वीरभद्रप्पांच्या टॉवेलच्या दुकानासाठी ॲप करतेय. गिऱ्हाइकाचा फोन आला, की त्याचं नाव आणि जुनी ऑर्डर दिसली पाहिजे. खरं गिऱ्हाईक कुठून आणू? नकली मोबाइलवर कॉलही नकली — नंबर टाकायचा, बटण दाबायचं, की रिंग! दिवसभर तेच. आई म्हणाली, "सोताच सोताला फोन लावतीस व्हय? लगीन कर आता."

१२ जून
प्रदीपदादानं तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही. आई रागात म्हणाली, तोंड दाखवू नको. तो हैदराबादला गेला. दसऱ्यापासून त्याचा फोन नाही, हिचाही नाही. "मला काय करायचंय त्येचा फोन?" म्हणते — आणि मोबाइल न्हाणीतसुद्धा घेऊन जाते! तिथं काय, साबणाला फोन येणारे?

१३ जून
माती खाल्ली. टेस्टिंगला तोंडपाठ नंबर टाकला, तो दादाचा. नावही त्याचंच. रिंग वाजली, पडद्यावर मोठ्ठं 'प्रदीप'! आई भाकरी टाकून पिठाच्या हातांनी पळत आली. "उचल की, कट हुईल!"
खोटा आहे आई, म्हटलं. पडद्याकडे बघत उभी राहिली. "म्हाईत हाय मला," म्हणाली आणि गेली. भाकरी करपली होती. मला फार वाईट वाटलं.

१४ जून
दादाला मेसेज टाकला — आई तुझ्या खोट्या फोनला धावत आली. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. निगरगट्ट कुठला!

१५ जून, रविवार
दुपारी आईचाच मोबाइल वाजला. 'प्रदीप'. आई हलेना. "आता माझ्या फोनमदी बी घातलंस व्हय ते?"
मी ओरडले, आई, लॅपटॉप बंद आहे!
तिनं झडप घातली, तोवर रिंग थांबली. तिनं उलटा लावला — बिझी. परत लावला — बिझी. तोंड एवढंसं झालं तिचं. तिसऱ्यांदा मी लावायला गेले, तर एकदम माझ्या हातावर चापट मारली.
"अगं थांब की! त्यो बी आपल्यालाच लावत असंल."