भिजकीच्या वतीने

मंगळवार, दि. ९
दुपार, कार्यालय

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. भाऊजींच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणतायत? लेकीच्या दातांची तार निघाली असेल तर तिचा एक फोटो पाठव, मागच्या फोटोत ती तोंड घट्ट मिटून बसली होती. माझ्या टेबलाजवळची खिडकी अजून लागत नाही. फटीत पुठ्ठा कोंबलाय आणि दुरुस्तीचा अर्ज तिसऱ्यांदा भरलाय. झाली विचारपूस. आता तुझ्या पाकिटाकडे वळते.

ते काल आलं. आत माफीनाम्याचा मसुदा होता, आणि समासात पेन्सिलीने तुझ्या अक्षरात, ‘शुक्रवारपर्यंत फक्त सही कर. बाकी मी बघते.’ मसुद्यात म्हटलंय की माझ्या हातून तांत्रिक चूक झाली, अपूर्ण मजकूर नजरचुकीने सर्वांना गेला, आणि झालेल्या मनस्तापाबद्दल मी दिलगीर आहे. भाषा तुझीच, मी लगेच ओळखली. इतकं गुळगुळीत या संस्थेत दुसरं कोणी लिहीत नाही.

मी सही करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू जीव टांगणीला लावून वाचायला नको. फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणालीस तरी माझी बोलती बंद होते, आणि हे तुला पक्कं ठाऊक आहे.

तू मुख्य कार्यालयात सातव्या मजल्यावर बसतेस. चाळीस देशांतले अहवाल तुझ्या टेबलावर येतात, त्यात आमच्या नदीच्या वाट्याला दीड ओळ. त्या दीड ओळीत हे प्रकरण मावत नाही, तेव्हा पहिल्यापासून ऐक.

आमच्या नदीत पाणमांजरं आहेत. त्यांतली एक मादी, गळ्यावर पांढरा डाग आणि मागच्या डाव्या पायाला चारच बोटं. पाचवं कधी आणि कशात गेलं, कोणालाच माहीत नाही. मी तिला भिजकी म्हणायचे. तेच नाव तुमच्या लोकांनी उचललं आणि प्राणी दत्तक घेण्याच्या योजनेत घातलं. जगभरातल्या चार हजार दोनशे माणसांनी वर्गणी भरून तिला दत्तक घेतलं. दर महिन्याला त्या सगळ्यांना भिजकीचं पत्र जातं, आणि भिजकीला लिहिता येत नसल्यामुळे ते मी लिहिते. ‘आज तीन मासे पकडले. चौथा निसटला, त्याला मी नंतर बघून घेईन.’ अशी पत्रं. हसू नकोस, मी त्यात चांगली तरबेज झाले होते. लोक उत्तरंही पाठवायचे. एका बाईंनी तिला वाढदिवसाचं कार्ड पाठवलं होतं, आत लिहिलं होतं, ‘लग्नाची घाई करू नकोस.’

मागच्या वर्षी, पुराचं पाणी ओसरत असताना, सकाळी सात वाजता नदीवरच्या रखवालदाराचा फोन आला. पुलावर या, एवढंच म्हणाला. भिजकी रस्त्याच्या कडेला पडली होती, ट्रकने उडवलेली. रखवालदाराने आपला रेनकोट काढून तिच्यावर घातला होता आणि स्वतः भिजत उभा होता. मी गळ्याचा डाग पाहिला, बोटं मोजली, शेपटीसकट लांबी मोजली, सगळं वहीत लिहिलं. लिहिताना हात नीट चालला, याचं मला अजून नवल वाटतं. मग आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो.

“तीन वर्षांत ही तिसरी,” रखवालदार म्हणाला. “याच पुलावर.”

तू म्हणशील, पोहणारं जनावर रस्त्यावर कशाला येईल? पाणी चढलं की पुलाच्या कमानीखाली ओढ फार असते. पाणमांजर तिथून जायला बिचकतं, काठावर चढतं आणि वरून रस्ता ओलांडतं. याला उपाय अगदी साधा आहे. कमानीच्या आतल्या भिंतीला, पुराच्या पाण्याच्या वर, दीड हात रुंदीचा कट्टा बांधायचा. तेवढ्या कोरड्या वाटेने ती खालून निघून जातात. आमचा अर्ज रस्तेखात्याकडे तीन वर्षं धूळ खातोय. पण तेच खातं आपल्या संस्थेच्या दुसऱ्या कुठल्याशा मोठ्या प्रकल्पात भागीदार आहे, म्हणून त्यांना फार टोचू नका, असा आम्हाला वरून निरोप. वरून म्हणजे तुझ्याच मजल्यावरून, ताई.

त्याच दिवशी मी मऊसाहेबांना कळवलं. मऊसाहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. नाव मी ठेवलंय, त्यांना माहीत नाही. ते कधी कोणाला नाही म्हणत नाहीत, ‘बघू या’ म्हणतात. फार वाईट झालं म्हणाले, आणि खरंच त्यांना वाईट वाटलं होतं. मग म्हणाले, या महिन्याचं पत्र नेहमीसारखं जाऊ दे, लोकांना एकदम धक्का नको. पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात त्यांनी सुचवलं की वरच्या अंगाला एक नवी मादी दिसते आहे, तिचे फोटो वापरू आणि नाव भिजकीच ठेवू. सगळी पाणमांजरं सारखीच दिसतात, कोणाला कळतंय?

आणि मी लिहीत राहिले. चौदा महिने. यात मी दुसऱ्या कोणाच्या अंगावर ढकलणार नाही. मऊसाहेबांनी सांगितलं, पण पत्रं मी लिहिली, आणि मन लावून लिहिली. मेलेल्या भिजकीने त्या चौदा महिन्यांत वाळूत लोळण घेतली, कासवाशी भांडण काढलं, आणि थंडीबद्दल इतकं गोड लिहिलं की तुमच्या प्रसिद्धी विभागाने मला शाबासकीचं पत्र धाडलं. ते अजून खणात आहे.

मग घड्याळवाल्या आजोबांचं पत्र आलं. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. कुठल्याशा दूरच्या देशात त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता निवृत्त आहेत. ते कागदावर, शाईने लिहितात. त्यांनी विचारलं होतं की नव्या फोटोत भिजकीच्या मागच्या डाव्या पायाला पाच बोटं दिसतात, डोळ्याला भिंग लावून तीनदा मोजली. बोट परत उगवतं का? माझ्या समजुतीप्रमाणे उगवत नाही, पण मी पडलो घड्याळातला माणूस, तरी कृपया खुलासा व्हावा.

मी पत्र घेऊन मऊसाहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, फोटो उलटा छापला गेला असं कळव. म्हणजे दिसतोय तो डावा पाय नाही, उजवा आहे. मी जागेवर आले, ते वाक्य टाइप केलं आणि वाचून पाहिलं. वाक्य फार चांगलं होतं, अगदी पटण्यासारखं. आणि तिथे माझं डोकं फिरलं. कारण आजोबांनी ते मानलं असतं. ज्या माणसाने सगळं आयुष्य डोळ्यांच्या भरवशावर काढलं, तो म्हणाला असता, माझेच डोळे गेले आता. तो बरोबर होता आणि मी त्याला चुकीचं ठरवणार होते, तेही नम्रपणे, संस्थेच्या कागदावर.

मी ते वाक्य खोडलं. आजोबांना खरं लिहिलं. मग त्याच दुपारी सगळ्या चार हजार दोनशे लोकांना लिहिलं, भिजकीच्या नाही, माझ्या नावाने. ती कधी मेली, कुठे मेली, कशाने मेली. चौदा महिने आम्ही लपवलं, आणि लिहिणारी मी होते. पुलाखाली कट्टा झाला असता तर ती वाचली असती, आणि ज्यांना काही करायचं असेल त्यांच्यासाठी रस्तेखात्याचा पत्ता. पाठवायच्या आधी तीनदा वाचलं, एक स्वल्पविराम हलवला, मग बटण दाबलं. नजरचूक म्हणे. इतक्या नजरेने मी आजवर काहीच पाठवलेलं नाही.

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली असं समजू नकोस. पुष्कळांनी दत्तकपण सोडलं. वाढदिवसाच्या कार्डवाल्या बाईंनी तर मला अशी झापली की तासभर उठून चहा घ्यायचं सुचेना. त्यांचा राग रास्त होता. पण नऊ दिवसांनी रस्तेखात्याच्या आवक विभागातल्या बाईंचा फोन आला. एकोणीसशे पत्रं आली आहेत, टेबलावर डबा ठेवायला जागा नाही, मेहेरबानी करून हे थांबवा म्हणाल्या. मी म्हटलं, पत्रं माझी नाहीत, मी कशी थांबवणार? शेवटी हळूच म्हणाल्या की त्या अर्जावरची धूळ मात्र झटकली गेलीय, साहेबांनी फाइल मागवलीय.

आता कळलं ना, तुमच्या सातव्या मजल्याला माझी सही का हवी आहे? माझं पत्र चूक ठरलं की ती एकोणीसशे पत्रंही एका चुकीवर लिहिलेली ठरतात. मग रस्तेखातं ती खुशाल रद्दीत घालेल आणि फाइल परत कपाटात जाईल. माझ्या एका सहीने पुढच्या पुरात चौथं जनावर त्याच रस्त्यावर येईल. त्याच्यावर रेनकोट टाकायला तू येणार नाहीस, मऊसाहेबही येणार नाहीत.

तू म्हणशील, तुला इथे नोकरीला चिकटवायला मी शब्द टाकला होता. टाकला होतास. माझ्यामुळे तुझ्या खुर्चीला धक्का लागेल, हेही मला कळतं. त्याचं वाईट वाटतं, ताई, मनापासून वाटतं. तरीही नाही.

गुरुवार, दि. ११

पत्र परवा अर्धवट ठेवलं, कारण मधे एक काम उरकायचं होतं. तुझा मसुदा तसाच बिनसहीचा मऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सोबत माझा कागद दिला: पत्र चुकून गेलं नाही, मी पाठवलं, विचार करून पाठवलं. त्यांनी दोन्ही वाचले, चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच ‘बघू या’ म्हणाले नाहीत. म्हणाले, मग एक तारखेपासून येऊ नका. मी बरं म्हटलं. दाराशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं की तो कट्टा खरंच दीड हात पुरतो का. मी म्हटलं, पुरतो.

म्हणजे नोकरीवर पाणी सोडलं. आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. परवापासून तीन कागद फाडलेत.

‘एकदम धक्का नको.’ मऊसाहेबांनी हे म्हटलं तेव्हा मी भांडले का नाही, याचा मी खूप विचार केला. हे शब्द मला नवे नव्हते. आई गेली तेव्हा माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. तू मला अकरा दिवस कळवलं नाहीस. घरी, नातेवाइकांत, सगळ्यांना सांगितलंस, धाकटीला एकदम धक्का नको, पेपर होऊ देत. वसतिगृहावर मला आईचं पत्र आलं. अक्षर तुझं. ‘हात दुखतोय म्हणून ताईकडून लिहून घेते आहे’, असं वर लिहिलं होतं. अभ्यास नीट कर, जागरण करू नकोस, इकडची काळजी नको.

ताई, त्या पत्रात एकही तक्रार नव्हती. आपल्या आईचं पत्र, आणि त्यात ना शेजारणीची तक्रार, ना बाबांची, ना मी डबा परत पाठवला नाही त्याची.

मला दुसऱ्या ओळीतच कळलं. मी पत्राची घडी घातली, पुस्तकात ठेवली, आणि जाऊन पेपर लिहिला. मग आणखी तीन लिहिले. पहिल्या वर्गात पास झाले.

सोळा वर्षं सगळे म्हणतात, बिचारीला शेवटचं दर्शनही मिळालं नाही. लेकीच्या बारशाला तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, माफ कर म्हणालीस, आणि मी मोठ्या मनाने तुझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘जाऊ दे, ताई’, असं म्हणाले. मला तेवढी लाज दुसऱ्या कशाची वाटत नाही. भिजकीच्या चौदा पत्रांचीही नाही.

तुला माफीनामा हवा होता ना? हा घे. मला कळलं होतं. मी त्याच संध्याकाळी गाडीत बसून येऊ शकले असते. आले नाही, कारण तू मला न कळण्याची सोय करून दिली होतीस आणि ती मला हवी होती. तू आईला आंघोळ घातलीस, बाबांना सांभाळलंस, आलेल्यागेलेल्यांना चहा केलास, आणि त्यातच बसून मला आईचं पत्र लिहिलंस. मी आले असते तर आई परत आली नसती. पण तू एकटी नसतीस. यात चूक तांत्रिक नव्हती, आणि ती अर्धी तरी माझी होती.

एक तारखेनंतर मी मोकळी आहे. तुझ्याकडे येते, आठवडाभर राहीन. कामावर तुझं काय झालं ते सांगशीलच, त्यावर मला पोटभर बोल. पण त्या अकरा दिवसांत काय काय झालं, तेही तू मला सांगायचं आहे. आई शेवटी काय बोलली, कोणाला हाक मारली, तू कधी रडलीस. एकही दिवस वगळू नकोस. धक्का बसला तर बसू दे.

उत्तराची वाट पाहत नाही, येतेच आहे.

तुझीच,
धाकटी