घरून गैरहजर

नारायणगाव,
८ डिसेंबर १९९८

चि. सुप्रियास पप्पूदादाचा आशीर्वाद. वि. वि.

टोमॅटोच्या ट्रकावर क्लीनर म्हणून सुरतेपर्यंत जाऊन आलो. तिकडं सकाळी सकाळी जिलेबी खातात आणि तोंडी लावायला कच्ची पपई, लई नवल! असो. हजेरी कमी भरली म्हणून कॉलेज बारावीला बसू देत न्हाई, घरच्यांचा इंग्रजी अर्ज पाहिजे, असं तू कळवलंस. आबा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेले, गावी आण्याला आई एकटी, तिला सही येत न्हाई, म्हणून अर्जाची सही माझ्यावर आली. तू पाठवलेलं ‘फ्रिक्वेंटली अ‍ॅब्सेंट, कारण आजारपण’ एवढं उतरवायचं व्हतं. पण आडतीवरचे कारकून हौशीराम म्हणाले, राव, कोण, कुठून गैरहजर आणि का, तिन्ही खरं लिहावं लागतं. आजारपण लिहिलं की डॉक्टरचा दाखला आलाच.

तुला झालंय काय? कावीळ? सही तशीच राहिलीय. आधी खरं कळव.

दुखणं अंगावर काढू नकोस.

तुझा दादा,
पप्पू

मंचर,
१४ डिसेंबर १९९८

ती. पप्पूदादास शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. आजारी आई आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकल्याशिवाय काढत नाहीत म्हणे. आबा निघाले तेव्हा तिनं काही कळूच दिलं नाही. मागल्या महिन्यात चुलीत लाकूड सारताना तिचा पदर पेटला. शेजारच्या कुशाबाई धावल्या म्हणून बरं. तेव्हापासून मी दर आठवड्याला दोन-तीन दिवस इथलं कॉलेज बुडवून आण्याला जाते, पाणी भरते, रांधते. तुला कळवायचं नाही, अशी आईनं शपथ घातली होती. ती म्हणते, पोराच्या पायाला भिंगरी. आला तरी चार दिवसांत निघून जाईल, मग माझ्या जिवाला जास्त लागेल.

सरांना खरं सांगितलं तर विचारतील, थोरला भाऊ आहे ना, तो काय करतो? मी काय सांगू? म्हणून आजारपण लिही म्हटलं. वीस तारखेच्या आत अर्ज गेला नाही तर वर्ष बुडालं. रागव हवं तर, पण सही कर.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
सुप्रिया

आणे,
२३ डिसेंबर १९९८

चि. सुप्रियास आशीर्वाद. वि. वि.

अर्ज मीच अठरा तारखेला नेऊन दिला. तू वर्गात व्हतीस, भेटायचं धाडस झालं न्हाई. इंग्रजी हौशीरामांचं, वाक्य माझं: मी घरून फ्रिक्वेंटली अ‍ॅब्सेंट असतो, म्हणून माझी बहीण कॉलेजातून असते. सरांनी दोनदा वाचलं, मग मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, बसू देतो, पण परीक्षेपर्यंत एक दिवस जरी चुकली तरी माझ्याकडं यायचं न्हाई. मी म्हटलं, चुकणार न्हाई.

म्हणून ट्रक सोडला. तू इकडं अजिबात येऊ नकोस. पाणी मी भरतो, भाकरीही थापतो. आई चाचपून विचारते, ही भाकर हाय का पायताण? पण खाते.

घाट चढणाऱ्या ट्रकाचा आवाज आला की माझी मान अजून वळतेच. आईला दिसत न्हाई, पण कळतं. पहाटे उठली की आधी माझ्या अंथरुणावर हात फिरवते, पोरगं हाय का गेलं. मी जागाच असतो. तिचा हात लागेपर्यंत हलत न्हाई.

अभ्यास कर, आणि आम्हां दोघांवर जीव असू दे.

तुझा दादा,
पप्पू