भोवळ न आलेली बाई

२ सप्टेंबर १९५३
गोष्ट परत आली! संपादक प्रूइटनी तांबड्या शाईत शेरा मारलाय - "मिसेस टार्पली, आपल्या अलाबामाच्या बायका अशा नसतात."
मग कशा असतात? रक्त दिसलं की कोसळणाऱ्या? मी माझ्या आईचीच गोष्ट लिहिली होती. बाबा अंथरुणाला खिळल्यावर घराशेजारची कापसाची जिनिंग तिने चालवली. यंत्रात हात अडकला, तर सुरीने स्वतःची दोन बोटं कापून सुटली. बाबा मरेपर्यंत ही हकिकत अभिमानाने सांगत.

३ सप्टेंबर
होरेस म्हणतो, "त्यात काय एवढं? पाड की तिला बेशुद्ध." नवरा आहे की प्रूइटचा वकील!

४ सप्टेंबर
गोष्ट घेऊन प्रूइटला जाऊन भेटले.
"बाईंना भोवळ येऊ द्या, जिनिंगचा मुकादम धावत येऊ दे. वाचक रडतील बघा."
"आणि जिनिंग कोण चालवणार?"
"लग्न झाल्यावर मुकादमच की."
संतापाने उठून आले. गोष्ट त्याच्या टेबलावरच राहिली.

११ सप्टेंबर
छापली! न विचारता, भोवळीसकट. मुकादमाने बाईला उचलूनही घेतलंय. वर लेखिकेचं नाव - मिसेस होरेस टार्पली. माझं विलाडीन हे नाव कुठेच नाही. चर्चच्या पाककृतींच्या पुस्तकातही माझा 'पीच पाय' हा गोड पदार्थ मिसेस होरेसचाच. त्या होरेसला अंडं उकडता येत नाही!

१३ सप्टेंबर, रविवार
चर्चबाहेर लोकांनी गोष्टीबद्दल अभिनंदन केलं. होरेसचं. आणि तो चक्क "थँक यू" म्हणाला.
दुपारी अंक घेऊन तणतणत आईकडे गेले. "बघ, तुझं काय करून ठेवलंय."
तिने चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाली, "भोवळ आलीच होती गं मला."
"आणि बोटं?"
"युलाने कापली. स्वयंपाकघरातून सुरी घेऊन धावत आली बिचारी. मुकादम पळून गेला होता. घरच्या काळ्या मोलकरणीने बायकोला वाचवलं, हे तुझ्या बाबांना चारचौघांत सांगवेना."
"तू का नाही बोललीस इतकी वर्षं?"
"मला विचारलं कुणी? तू तरी विचारलंस?"

१४ सप्टेंबर
गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. युला आमच्याकडे बावीस वर्षं होती, तिच्या हातचं खाऊन मी वाढले. तिचं आडनाव मला माहीत नाही.