घरटी एक, फक्त घरटी एक

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
मोनाच्या लग्नाचं बजेट फायनल. एकूण सहा लाख. दोन लाखांत लग्न, चार लाख तिच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकला. राजारामपुरीतला गाळा तिनं बघून ठेवलाय, मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. मोना म्हणाली, पप्पा, नक्की न्हवं? म्हटलं, बाई, शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं पर्चेस बघितलंय तुझ्या बापानं. माझ्याकडनं एक रुपया जादा कुणी नेला न्हाय. तिच्या आईनं भाजी चिरता चिरता नुसतं हं केलं. करू दे.
नियम : माणसं दीडशे. घरटी एक. बँड न्हाय, फेटे न्हाय.

५ नोव्हेंबर
पत्रिका पाहिजेत शंभर. प्रेसवाला म्हणाला, शंभर घेतल्या तर नग बत्तीस रुपये, पाचशे घेतल्या तर एकोणीस. आता यात विचार कसला करायचा? पाचशे घेतल्या. नगामागं तेरा रुपये वाचले. खाली मुद्दाम छापून घेतलं, कृपया आहेर आणू नये. म्हणजे परतीच्या आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या वाचल्या. हिनं विचारलं, उरलेल्या चारशे पत्रिकांचं काय लोणचं घालणार? बायकांना पर्चेस कळत न्हाय.

९ नोव्हेंबर, रविवार
मुरगूडला गेलतो. चुलतभाऊ गणपतदादाच्या सोप्यात आख्खी भावकी बसलेली. पत्रिका दिली आणि ठामपणे सांगितलं, घरटी एक. दादानं चहाची बशी खाली ठेवली. म्हणाला, म्हंजे चूलबंद न्हाय व्हय? आमच्यात चूलबंद म्हणजे लेकराबाळांसकट आख्खं घर जेवायला, त्या दिवशी घरात चूल पेटवायची न्हाय. मी न्हाय म्हणणारच होतो. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात दादा म्हणाला, असू दे बाळासो, शहरात ऱ्हाऊन माणसाचा हात आखडतोय. सगळी हसली. माझ्या तोंडातनं निघून गेलं, चूलबंद! आख्ख्या भावकीला चूलबंद!
घरं बासष्ट हायत.
येताना एसटीत शांतपणे विचार केला. असलं नुसतं म्हणायचं असतंय. लग्न गुरुवारी, उसाची तोड चालू, म्हशींच्या धारा कोण काढणार? निम्मी पण यायची न्हाईत.

१३ नोव्हेंबर
दादाचा फोन. गाड्या किती धाडतोस? चूलबंद म्हटल्यावर गाडी आलीच की, म्हणे. तीन कोटेशन घेऊन दोन बस ठरवल्या. आकडा ऐकून हिनं कोटेशन हातातनं घेऊन स्वतः परत बेरीज केली. पहिल्यांदाच.

१५ नोव्हेंबर
इवाई अमरसिंहराव, म्हणजे मोनाचे होणारे सासरे, यांचा फोन. माझ्याच सांगण्यावरनं त्यांनी आपली माणसं पन्नासावर आणलेली. मुरगूडची बातमी त्यांच्यापर्यंत गेली कशी देव जाणे. म्हणाले, तुमच्यात चूलबंद, आणि आमच्या पावण्यांनी काय डबा आणायचा व्हय? मी म्हटलं, छे छे, तुमच्याकडं पण चूलबंद! कोण हा शहाणा बोलतोय म्हणून बघितलं, तर मीच.

१८ नोव्हेंबर
हॉल रद्द. अॅडव्हान्स बुडाला. त्याऐवजी मैदान घेतलं. भाडं हॉलच्या निम्मं! मंडपाचे पैसे वेगळे, हे मैदानवाल्यानं नंतर सांगितलं.

२१ नोव्हेंबर
फेटे फक्त दहा घ्यायचे म्हणून गेलतो. दुकानात डोक्यात आलं, दादाला बांधला आणि धाकट्या तात्याला न्हाय बांधला, तर तात्या ताटावरनं उठणार. दोनशे घेतले. होलसेल.

२५ नोव्हेंबर
मोनाला नीट समजावलं. ह्याला कॅश फ्लो म्हणतात. क्लिनिकचा पैसा गेलेला न्हाय, फिरतोय. आहेरातनं परत येतोय बघ. ती म्हणाली, पप्पा, पत्रिकेवर काय छापलंय?
मी विषय बदलला. जेवायला वाढ म्हटलं. सकाळचे साडेनऊ झाले होते.

२८ नोव्हेंबर
बास झालं. उद्या दादाला फोन करून तोंडावर सांगायचं, घरटी दोन. त्याच्या पुढं एक माणूस न्हाय. वाईट दिसलं तर दिसलं. पोरीचा प्रश्न हाय.

२९ नोव्हेंबर
फोन केला. मी बोलायच्या आतच दादा म्हणाला, भावकीनं स्टँडवर तुझा फ्लेक्स लावलाय, दिलदार माणूस म्हणून. फोटो पण पाठवला. फोटो बरा आलाय.
आचाऱ्याला जिलेबी वाढवायला सांगितली.

३० नोव्हेंबर, रविवार
गाळ्याची मुदत आज संपली. मोनानं विषय काढला न्हाय. मी पण काढला न्हाय. समजूतदार पोरगी हाय.

४ डिसेंबर, गुरुवार
साडेतेराशे पान उठलं. लेकरं, म्हातारी, सगळी. धारा काढायला कोण थांबलं देव जाणे. ज्यानं त्यानं पाठीवर थाप मारली, नाद खुळा लग्न म्हणाले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

५ डिसेंबर, शुक्रवार
काल पाठवणीच्या वेळी मोनाला बाजूला घेतलं. म्हटलं, क्लिनिकचं पुढच्या वर्षी नक्की, मी उद्याच मालकाला भेटून मुदत वाढवून घेतो. ती म्हणाली, गाळा मी सोळा नोव्हेंबरलाच सोडला, पप्पा. येत्या पंधरापासनं एका दवाखान्यात नोकरीला लागते.
सोळा तारखेला. म्हणजे मी कॅश फ्लो समजावत होतो तेव्हा तिला सगळं माहीत होतं.
म्हटलं, अगं मला विचारायचंस की. रागावली न्हाय. म्हणाली, तुम्हाला न्हाय म्हणायला जमत न्हाय. मला तोंडावर न्हाय म्हणायची पाळी तुमच्यावर येऊ नये म्हणून मीच मालकाला न्हाय सांगून टाकलं. आणि पाया पडली.
एकतीस वर्षांत एवढ्या स्वस्तात मला कुणी सोडलं न्हवतं. गाडी वळणावरनं दिसेनाशी झाली तरी मी फेटा बांधून तिथंच उभा होतो. लाज वाटली.