लिंबाखाली बसलेली चौकी

सोलापूर, पोलीस लाइन

तीर्थस्वरूप दाजी मानसिंगराव, मुक्काम करकंब, यांच्या चरणी ज्ञानबा हवालदाराचा दंडवत. आम्ही सगळी इकडे सुखात आहोत, तुम्हीही असालच. एरंडाची पानं बांधून गुडघ्याला उतार पडला की नाही, ते कळवावं. आक्कानं पाठवलेली शेंगाची चटणी संपली (निम्मी मी खाल्ली, निम्मी आमच्या फौजदारसाहेबांनी, त्यांनी मागून घेतली, हे आक्काला मुद्दाम सांगा).

सोलापुरात पोलिसांनीच संप केला आणि ज्ञानबा त्यात होता, असं बाजारात तुमच्या कानावर आलं असेल. ते खरं आहे. पण नोकरी शाबूत आहे, तेव्हा आधी पाणी प्या आणि मग पुढं वाचा.

आमचे फौजदार अण्णाराव मनानं लोण्यासारखे, पण डोकं तव्यासारखं. जिल्ह्याचे गोरे साहेब तपासणीला येणार म्हणून त्यांनी चौकीपुढं गुलाब लावले होते. सोलापूरच्या उन्हात गुलाब जगवायचे म्हणजे लेकरू वाढवण्यासारखंच (आंघोळीचं पाणीसुद्धा ते गुलाबांना घालत, जवळ उभं राहिलं की कळायचं). आता आमच्यातला म्हातारा शिपाई धुळाप्पा, वळसंगकडचा धनगर. त्याच्या सुनेला बाळंतपणानंतर दूध आलं नाही, म्हणून त्यानं लायनीत एक शेळी आणून बांधली. नातू शेळीच्या दुधावर बाळसं धरू लागला आणि शेळी गुलाबांवर. एके दिवशी सकाळी फौजदार बाहेर येऊन बघतात, तर नुसते काटे (तेही सगळे नव्हते). तवा तापला. शेळी आजच्या आज लायनीबाहेर आणि धुळाप्पाची बदली पार लांब माळशिरसला, असा हुकूम सुटला.

धुळाप्पाची पेन्शन जवळ आलेली, नातू अजून मान धरत नाही. त्यानं कमरेचा पट्टा काढून मेजावर ठेवला. त्याच्या पट्ट्यावर मडिवाळप्पानं आपला ठेवला (तो अक्कलकोटकडचा, रागावला की कानडीत बोलतो, त्या दिवशी कानडीतही बोलला नाही). मग एकेक करून बाकीच्यांनी ठेवले आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. दारात मी एकटाच उरलो, तेव्हा फौजदारांनी मला आत बोलावलं. दाजी, मला विषमज्वर झाला होता तेव्हा ह्याच माणसानं आपल्या घरून रोज पेज पाठवली होती, आणि बाहेर बसलेल्यांनी आळीपाळीनं माझं अंग पुसलं होतं. कुणाच्या बाजूनं उभं राहावं? त्यांनी विचारलं, “ज्ञानबा, सुरुवात कुणी केली? नावं सांग.”

मी म्हटलं, “सायब, पयलं माजंच लिवा. बाकीची आटवंनात.”

त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. मग म्हणाले, “तर मग इथं काय उभा आहेस? जा, तूही बस.”

माझाही पट्टा ढिगावर ठेवला, गेलो आणि बसलो. पण बसवेना. चौकीत फौजदार एकटेच बंदूक घेऊन पहाऱ्याला उभे, आणि कोठडीत येडू नावाचा कोंबडीचोर पाणी मागतोय. कोठडीची किल्ली माझ्याच खिशात. ती देऊन आलो. मग तांब्या कुठं असतो ते सांगून आलो. मग त्यांना कुलूप उलटं लागलं, ते काढून आलो. शेवटी मडिवाळप्पा म्हणाला, “ज्ञानबा, तू नक्की संपावर हायस का कामावर?” मला तरी कुठं ठाऊक होतं!

तेवढ्यात साहेबांची मोटार आली. उद्या यायची ती आजच. आम्ही गारठलो. पोलिसांचा संप म्हणजे नुसती नोकरी जात नाही, बेडी पडते. साहेबांनी रिकामी चौकी बघितली, मेजावरचा पट्ट्यांचा ढीग बघितला, लिंबाखाली आम्हाला बघितलं आणि फौजदारांना काहीतरी विचारलं. फौजदारांनी एकवार आमच्याकडं नजर टाकली. त्यांनी खरं तेवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर ते सुटले असते आणि आम्ही बुडालो असतो. पण ते ताठ उभे राहून इंग्रजीत बोलले आणि साहेबांचा चेहरा खुलला. मग आमच्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, “साहेबांना सांगितलंय, गिरण्यांचे संप होतात म्हणून आपण संपाची तालीम करतोय. तुम्ही संपकरी, मी एकटा चौकी राखतोय. तेव्हा करा आता संप, मोठ्यानं करा.”

आणि दाजी, इथंच गाडं अडलं. सकाळपासून ज्याच्यावर दात खात बसलो होतो, त्यानंच आमच्यासाठी आपली मान अडकवलेली. आता त्याच्याविरुद्ध ओरडायचं कसं? फौजदार डोळ्यांनी विनवताहेत, साहेब वाट बघताहेत. अखेर धुळाप्पा उठला. हात जोडून, पण सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, “सायब, माज्या नातवाचं दूध तोडू नगा.”

मग मात्र आम्ही सगळेच ओरडलो. साहेबांनी अर्थ विचारला. फौजदारांनी सांगितला. साहेबांना ते सोंग फारच आवडलं. ते म्हणाले, मागणी रास्त दिसते, आता अधिकाऱ्यानं काय उत्तर द्यावं तेही दाखवा. फौजदारांनी घाम पुसला आणि म्हणाले, “शेळी इथंच राहील. धुळाप्पाही इथंच राहील.” साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही पट्टे उचलायला धावलो (गडबडीत मडिवाळप्पाचा मला आला, अजून पोटावर ढिला बसतो).

तर असा सगळा आनंद आहे. आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
ज्ञानबा

ता. क. साहेबांना तालीम इतकी पसंत पडली की पुढल्या महिन्यात बाहेरचे बडे अधिकारी बोलावून ती मोठ्या मैदानावर पुन्हा करायची आहे, शंभरेक संपकऱ्यांनिशी. एवढी माणसं आमच्यात नाहीत. तरी करकंबातली मोकळ्या गळ्याची दहा-वीस माणसं घेऊन तुम्ही यावं. जेवणाचं फौजदारसाहेब बघतील.

पुन्हा ता. क. ज्यांचं खरंच काही गाऱ्हाणं असेल तीच आणावीत. धुळाप्पाचं बघून फौजदारसाहेबांचं मत झालंय की खोट्या गाऱ्हाण्याला आवाज लागत नाही.