मीठ कळत नाही

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि गेल्या आठवड्यात मी तुमचं नाव एका मोबाइलवरच्या कार्यक्रमात घातलं. वय घातलं, गाव घातलं, आणि तुमचं कशातच मन लागत नाही असंही भरलं. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. घरातलं काही बाहेर गेलं की तुमच्या कपाळाला आठी पडायची, आणि मी तर सगळं थेट बीडच्या ऑफिसात धाडून मोकळी झाले.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीचं डोकं फिरलं. ज्यांचं मन उदास असतं अशा मोठ्या माणसांसाठी हा कार्यक्रम, म्हणजे ॲप, बनवलाय. त्यात एक बाई शांत आवाजात बोलते, श्वास कसा घ्यायचा ते सांगते, आज आवडीचं एखादं छोटं काम करा म्हणते. दवाखान्यापर्यंत न जाता माणसाला आपलं आपण सावरता यावं, असा त्यामागचा विचार. तो खरोखर उपयोगी पडतो का, हे तपासायचं काम आमचं. अर्ध्या लोकांना कार्यक्रम आत्ताच देतो, अर्ध्यांना आधी नुसतं माहितीचं पत्रक, आणि मग सगळ्यांना तेच प्रश्न विचारतो. झोप लागते का, कामात मन लागतं का, जेवणाची वासना होते का. तेलगावपासून युसूफ वडगावपर्यंत मी दारोदार हेच विचारत फिरते.

युसूफ वडगावात एका सुनेला झोपेचं विचारलं, तर उंबऱ्यातून सासूच म्हणाली, "तिला काय धाड भरलीय? बरं हाय तिचं. कावून इचारता ओ बाई?" सुनेनं खाली बघत मान हलवली. त्या घरात फोन एकच, तो दीर घेऊन जायचा उसाला पाणी द्यायला. तिथं फोनवर कार्यक्रमाचे प्रश्न आले की बांधावर बसून तोच बटणं दाबायचा. मी विचारलं तर म्हणाला, "मंग काय झालं? वहिनीचं आमाला म्हाईत न्हाई व्हय?" त्याच्या उत्तरांवरून ती बाई अख्ख्या तालुक्यात सगळ्यात सुखी निघाली. ऑफिसात हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही तोंड हसरं केलं, कारण इथं हसायचं असतं एवढं मला अजून कळतं.

आपल्याकडं हे असंच आहे. माणसाचं कसं चाललंय हे त्याला सोडून घरातलं कुणीही सांगतं, आणि सांगतात ते एकच. मलाही तुम्हीच शिकवलंत. आई गेली त्या साली तुम्ही मला नारायणगडच्या यात्रेला नेलं होतं. गर्दीत आत्या भेटली, तिनं विचारलं, "दादाचं कसं हाय गं?" मी म्हटलं, आबा बोलतच न्हाईत, जेवताना भिंतीकडं बघत बसतात. तुम्ही माझं मनगट धरून मला बाजूला ओढलंत. "घरचं चार लोकांत सांगाया लागलीस व्हय? कुनी बी इचारलं तर बरं हाय म्हनायचं. संपलं." आणि मग त्याच हाताला तुम्ही हिरव्या बांगड्या भरवल्यात. कासारीण हात चेपून बांगडी वर चढवत होती, मला दुखत होतं, आणि तुम्ही यात्रेतल्या उंच पाळण्याकडं तोंड करून उभे होतात. तुम्हाला बांगड्यांचा रंग तरी दिसला होता का, हे मला पुष्कळदा विचारावंसं वाटलं.

दुसरा एक दिवस तर मी अजून तिथंच उभी असल्यासारखा दिसतो. चूल पेटलेली आहे. तुम्ही मेंढरं कोंडून, हातपाय धुऊन आत येता. मी पिठलं केलंय, आईसारखं जमलंय असं मला वाटतंय. तुम्ही एक भाकरी खाता, दुसरी घेता, पिठलंही परत मागून घेता. मी खूश होऊन बोट चाटून बघते तर त्यात मीठच नाही. "आबा, मीठ टाकायचं राहिलं!" तुम्ही मान वर करत नाही. "हाय की. बरं हाय," म्हणता आणि उरलेला तुकडा पिठल्यात बुडवता. पोरीला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही तसं म्हणालात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती गोष्ट मी लग्नानंतर सासरीही कौतुकानं सांगितली. आता सांगत नाही.

तर तुमचं नाव घातलं ते असं. नवीन गावं घ्यायच्या आधी आम्ही प्रत्येकजण एक खोटा माणूस तयार करतो आणि त्याची उत्तरं मुद्दाम वाईट भरतो. उत्तरं फार वाईट आली की बीडला समुपदेशनाच्या टेबलावर सूचना जायला हवी आणि तिथून त्या माणसाला फोन यायला हवा. सूचना नीट जाते का, एवढंच बघायचं असतं. खोट्या माणसाच्या नावाआधी 'चाचणी' असं लिहायचा नियम आहे, म्हणजे कुणी उगाच फोन करत नाही. मला नाव सुचेना, तुमचं घातलं. त्याच्याआधी 'चाचणी' लिहायला बोट धजावलं नाही. नंबर माझ्याच दुसऱ्या सिमचा दिला. शेवटी आपल्या शब्दांत काही लिहायला एक चौकोन असतो, तो रिकामा ठेवला तरी चालतो. मी लिहिलं, मीठ कळत नाही.

काल तेलगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होते, तेव्हा तो दुसरा नंबर वाजला. समुपदेशनाच्या टेबलावर नवीन मुलगी लागलीय, फोनवर माझा आवाज तिला अजून ओळखू येत नाही. तिनं तुमचं नाव घेऊन विचारलं, "हायेत का घरी?" इतक्या वर्षांनी कुणी तुम्हाला फोन केला होता, आबा. मी म्हटलं, "न्हाई. मेंढरं घेऊन गेलेत."

"तुमी कोन?"

"लेक."

"कसं हाय त्यांचं?"

"बरं हाय," मी म्हटलं. विचार करायच्या आतच म्हटलं.

"ताई, त्यांनी लिवलंय, मीठ कळत न्हाई. कवापासून हाय असं?" माणसानं लिहिलेलं घरच्यांना वाचून दाखवायचं नसतं, पण ती नवीन आहे.

"दिवाळीपासून."

दिवाळीत आमच्या ह्यांनी पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं, मीठ कुठाय म्हणून. माझी तोवर अर्धी भाकरी संपली होती. तसं घडलेलं काहीच नाही. पोरगा पुण्यात शिकतोय, नवरा भला आहे, नोकरी बरी आहे. नुसतं काही लागत नाही, ना गोड ना खारट. रडूही येत नाही. मी त्याच ऑफिसात बसते, त्या मुलीच्या समोर जाऊन हे सांगता आलं असतं. दाराशी गेलेही होते एकदा. तिनं विचारलं, काय ताई, बरं आहे ना, आणि मी मान हलवून पाणी पिऊन आले.

"मी उद्या परत फोन करते," ती म्हणाली. "त्यांनाच द्या, ताई. तुमी नका सांगू त्यांचं." मग एसटी आली.

हे लिहून मोबाइलमध्येच ठेवणार आहे. चाचणी झाली की खोटं नाव काढून टाकायचं असतं, नियमच आहे तसा. सकाळपासून दोनदा मी तुमच्या नावावर बोट नेलं आणि मागं घेतलं. तुमचं नाव काढलं, तर तिचा फोन येणार नाही.